आर्क चुंबकाजवळ का वाकतो?

धुळ्यातले एक वेल्डर विचारतात: जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन काढून डीसी वेल्डिंग मशीन घेतलं. प्लेटच्या मधोमध छान चालतं, पण कड आली की आर्क आतल्या बाजूला ओढला जातो, शिंतोडे उडतात. मशीनमध्ये दोष आहे का?

मशीन ठीक आहे. आर्क म्हणजे तापलेल्या वायूतून वाहणारा करंट, आणि वाहत्या करंटला चुंबकीय क्षेत्र ढकलतं. इथे ते क्षेत्र तुमच्याच करंटने तयार केलेलं असतं. प्लेटच्या मध्यावर ते सगळीकडून सारखं असतं. कडेला लोखंड संपतं, उरलेल्या चिंचोळ्या भागात क्षेत्र दाटतं आणि आर्कला आत लोटतं. तुमच्या जुन्या एसी मशीनवर करंटची दिशा सतत उलटत असल्याने हा त्रास फारसा जाणवत नव्हता. अर्थिंगचा क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावून पाहा किंवा दोन्ही टोकांना अर्थिंग द्या. आर्क आखूड धरा, करंट थोडा उतरवा. जॉब महत्त्वाचा असेल तर कडेला लोखंडाचा जादा तुकडा टाचून जोड त्याच्यावर नेऊन संपवा, मग तुकडा कापून टाका.

जळगावची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी: लॅबमध्ये सरांसमोर 50 हर्ट्‌झच्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर आर्क काढला. जवळ चुंबक ठेवल्यावर तो एका बाजूला न वाकता दोन्हीकडे पसरला. असं का?

तुझं निरीक्षण अचूक आहे. करंट सेकंदाला 100 वेळा उलटतो, त्याबरोबर ढकलण्याची दिशाही उलटते. डोळ्याला दोन्ही बाजू एकदमच दिसतात. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण कर, आर्क आलटून पालटून झुकताना दिसेल.

या पसरलेल्या आर्कमधून एक उद्योग उभा राहिला होता, आणि खान्देशातल्या मुलांना तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. 1903 मध्ये नॉर्वेत क्रिस्तियान बिर्केलान आणि साम आयडे यांनी सुमारे 5,000 व्होल्टचा एसी आर्क विद्युतचुंबकाने पसरवून त्याची तबकडी केली. तिचं तापमान 3,000 अंशांच्या वर. तिच्यातून हवा सोडली की नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात. त्या वायूंचं पाण्यात नायट्रिक आम्ल होतं, आणि त्यात चुनखडी घातली की कॅल्शियम नायट्रेट मिळतं. 1905 मध्ये नोटोडेनला कारखाना सुरू झाला. पद्धत वीजखाऊ होती, म्हणून हाबरच्या अमोनिया पद्धतीपुढे मागे पडली. पण आपल्याकडे केळीला ठिबकमधून जे कॅल्शियम नायट्रेट सोडतात, तेच खत तिथे हवा, पाणी, चुनखडी आणि विजेतून बनत होतं. लॅबमध्ये खिडक्या मात्र उघड्या ठेव. तेच नायट्रोजनचे वायू आणि ओझोन तुझ्याही आर्कमधून निघतात.

नंदुरबारहून: अशा प्रयोगाला निओडिमियम चुंबक चांगला की जुन्या स्पीकरचा?

स्पीकरचा. साधा निओडिमियम 80 अंशांच्या पुढे कमजोर होत जातो, शिवाय त्याच्या निकेलच्या मुलाम्यावर आर्क उडी मारतो.

चोपड्याचे एक पालक: अकरावीतल्या मुलाने भंगारातून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणलाय. त्याने लाकडावर विजेची नक्षी जाळायची म्हणतो. घरात ईएलसीबी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) आहे. करू द्यावं का?

नाही. आणि आजच तो ट्रान्सफॉर्मर त्याच्या हातून काढून घ्या.

गॅसच्या लायटरमध्येही हजारो व्होल्ट असतात, पण त्यामागची ऊर्जा नगण्य असते. या ट्रान्सफॉर्मरमधून 2,000 व्होल्टच्या आसपास दाबाने अर्धा अँपिअर सहज वाहतो. हृदय बंद पडायला याच्या पाचव्या भागाइतका करंट पुरतो. ईएलसीबीवर तर बिलकूल विसंबू नका. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक पाहतो. अंगातून गेलेला करंट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम, म्हणजे हाय व्होल्टेज देणाऱ्या गुंडाळीकडेच परततो, त्यामुळे ईएलसीबीला फरक दिसतच नाही. या नक्षीपायी अमेरिकेत माणसं मेली आहेत. तिथल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने आपल्या कार्यक्रमांत तिला बंदी घातली आहे.

मुलाची ओढ मात्र मोडू नका. नक्षीसाठी तापणाऱ्या टोकाचा पेन मिळतो, तो आणून द्या. आणि चुंबकाची किमया पाहायची तर दीड व्होल्टचा सेल पुरे. ॲल्युमिनियम फॉइलची अरुंद, सैल पट्टी चुंबकावर धरून क्षणभर सेल जोडायचा. पट्टी झटका घेऊन उडते. सेल उलटा केला की दुसऱ्या बाजूला. आर्कला वाकवणारं बल हेच.

भुसावळचा दहावीतला वाचक: कोरड्या हवेत 1 सेंटिमीटरला 30,000 व्होल्ट लागतात असं वाचलं. मग 25,000 व्होल्टच्या रेल्वे तारेपासून 2 मीटर दूर राहायला का सांगतात?

प्रश्न फार चांगला आहे. तो आकडा गुळगुळीत, सपाट पृष्ठभागांमधल्या हवेचा आहे. टोकदार वस्तूपाशी कितीतरी कमी व्होल्टेज पुरतं. शिवाय 25,000 ही एसीची परिणामी (आरएमएस) किंमत, शिखर 35,000 च्या वर जातं, आणि जवळपास वीज पडली की त्याहून कितीतरी वर. माणूसही एका जागी खिळलेला नसतो. हात वर जातो, हातात सळई असते. एकदा आर्क धरला की मागे सरकून सुटका नाही, तो ताणत जातो, कारण त्याने तापवलेली हवा करंटला वाट देत राहते. सावदा-रावेरला मालगाड्या उभ्या असतात, पोरं फोटोसाठी वर चढतात. वॅगनच्या छतावर उभ्या माणसाचं डोकं आणि तार यांच्यात ते 2 मीटर उरतच नाहीत.