संध्याकाळी लागणारा डोळा

"माझ्या मेंदूतील रसायनांचा तोल बिघडला आहे का?" झोपेची तक्रार घेऊन येणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. चाळिशीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ तो घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातात एक लहान वही होती. रात्री जितक्या वेळा जाग येई, तितक्या वेळा ते घड्याळ पाहून तिच्यात वेळ टिपत: 1.10, 2.40, 3.25. अंधारात लिहिल्यामुळे आकडे एकमेकांवर चढले होते. दिवसभर पेंग येते आणि अंथरुणाला पाठ टेकताच डोळे टक्क उघडे राहतात, त्याअर्थी मेंदूत काहीतरी उलटे झाले असणार, असा त्यांचा पक्का समज होता.

मी त्यांना रात्रीऐवजी दिवस लिहून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत बोलण्याच्या ओघात कळले, की घरी परतल्यावर सात ते पावणेआठ ते खुर्चीतच असतात आणि उठल्यावर तरतरीसाठी कॉफी घेतात. "ती झोप नव्हे हो, नुसता डोळा लागतो," ते म्हणाले. वहीत त्याची नोंद नव्हती.

मेंदूने मात्र ती घेतली होती. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढत जाते; झोप लागली की ते ओसरू लागते. दिवसभरात जमलेल्या या ओढीतला चांगला हिस्सा त्यांच्या पाऊण तासात खर्ची पडत होता. उरलेल्या ओढीला कॉफी आडवी येत होती, कारण कॅफिन अ‍ॅडेनोसिन नाहीसे करत नाही, केवळ मेंदूत ते द्रव्य जिथे चिकटते त्या जागा अडवून बसते, आणि शरीरातील कॅफिनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. अकरा वाजता अंथरुणात शिरणाऱ्या माणसाला याहून वेगळी रात्र कशी मिळणार?

दुसरा धागा सुट्टीच्या दिवसाचा होता. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील लहानशा भागातील सुमारे 20,000 चेतापेशींचा एक पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो. बहुतेकांमध्ये त्याचा फेरा 24 तासांहून किंचित मोठा असल्याने सकाळच्या प्रकाशाने तो रोज जुळवून घ्यावा लागतो. हे गृहस्थ सुट्टीला दहापर्यंत पडदे ओढून झोपत. मग त्या रात्री रात्र झाल्याची खूण शरीराला देणारे मेलाटोनिन हे संप्रेरकही उशिरा स्रवे आणि दुसऱ्या दिवशीची पहाट जड जाई.

घोरणे, झोपेत श्वास अडणे किंवा कित्येक आठवडे टिकणारी उदासी असेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. ती तपासणी त्यांनी करून घेतली होती. त्यामुळे आम्ही थेट कामाला लागलो. संध्याकाळी खुर्चीऐवजी चालणे, दुपारनंतर कॉफी बंद, उठण्याची वेळ रोज एकच, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवणे, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून मंद उजेडात बसणे. अंथरुण आणि जागरण यांची मेंदूत पडलेली गाठ सोडवण्यासाठी हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि लोकांना तेच सर्वांत नकोसे वाटते.

पहिला आठवडा वाईट गेला आणि त्यांनी तसे रागावूनच कळवले. सुट्टीच्या दिवशी सहाला उठायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. आम्ही सातवर तडजोड केली. पाचव्या आठवड्यात वही पुन्हा पाहिली, तेव्हा रात्रीच्या रकान्यात एवढेच होते: "एकदा जाग आली. किती वाजले, पाहिले नाही."