वाचकांचे प्रश्न: एचपीएलसीचं दुखणं बहुधा बाटलीत असतं

प्रश्न: मुलगी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत एचपीएलसीवर काम करते. घरी आली की ‘आज पीक नीट आले नाहीत’ म्हणते. हे नेमकं काय असतं? (एक पालक, लालबाग)

उत्तर: एचपीएलसी म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येक घटक किती आहे ते मोजायचं हे तंत्र. पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवर लिहिलेले ५०० मिलिग्रॅम खरंच आहेत का, ते याने कळतं. सगळा खेळ २५ सेंटिमीटर लांब, आतून ४.६ मिलिमीटर रुंद अशा एका स्टीलच्या नळीत चालतो. तिला कॉलम म्हणतात. आत ५ मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले असतात आणि त्यांवर १८ कार्बनांच्या साखळ्या बसवलेल्या असतात, म्हणून नाव सी-१८. इतक्या बारीक कणांतून मिनिटाला १ मिलिलिटर द्रव ढकलायला १०० ते २०० बार दाब लागतो. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बार जास्त असतो, त्यावरून अंदाज येईल.

या वाहत्या द्रवाला मोबाइल फेज म्हणतात. त्यात १०-२० मायक्रोलिटर नमुना सोडला की पाण्याची ओढ असलेले घटक आधी बाहेर पडतात आणि तेलाशी जवळीक असलेले साखळ्यांना धरून रेंगाळतात. पुढे डिटेक्टर अतिनील प्रकाशात त्यांना टिपतो, पॅरासिटामॉलसाठी २४३ नॅनोमीटरच्या आसपास. आलेखावर उठणारा उंचवटा म्हणजे पीक. तो कितव्या मिनिटाला आला यावरून घटक ओळखायचा आणि त्याच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढायचं.

प्रश्न: सकाळी अॅसिटोनायट्राइल (एक सेंद्रिय द्रावक) आणि पाण्याची मोबाइल फेज बनवून लगेच लावतो, तर प्रेशर सारखं वरखाली होतं आणि बेसलाइन (आलेखाची तळरेषा) नाचते. दुपारनंतर आपोआप सुधारतं. पंप बिघडलाय का? (एमएस्सीचा विद्यार्थी, माटुंगा)

उत्तर: दुपारी सुधारतं, यातच उत्तर आहे. पंपाला हात लावण्याआधी बाटलीला लावा. अॅसिटोनायट्राइल पाण्यात मिसळलं की मिश्रण गार पडतं. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात तर बाटलीला बाहेरून पाणी सुटतं. हे गार मिश्रण खोलीच्या तापमानाला येताना आतली हवा सोडू लागतं. त्यातला एक बुडबुडा पंप हेडमध्ये शिरला की पिस्टन द्रव ढकलण्याऐवजी हवाच दाबत बसतो. प्रेशर पडतं, मग चढतं, आणि त्याबरोबर रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक येण्याची वेळही सरकते.

तेव्हा मिश्रण करून निदान अर्धा तास ठेवा. मग ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन फिल्टरमधून व्हॅक्यूमखाली गाळा आणि १०-१५ मिनिटं सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी द्रव हलवणाऱ्या यंत्रात) ठेवा. नुसत्या सॉनिकेटरने हवा पुरती जात नाही, व्हॅक्यूमची जोड हवीच. लावल्यावर पर्ज व्हॉल्व्ह (कॉलमकडे न नेता द्रव बाहेर सोडणारी झडप) उघडून मिनिटाला ३ ते ५ मिलिलिटरने पाच मिनिटं पर्ज करा. एवढं करूनही प्रेशर नाचलं तरच चेक व्हॉल्व्ह (द्रव उलटा येऊ न देणारी पंपातली झडप) काढून बघायचा.

आणखी एक सवय तपासा. ६०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर ‘एक लिटरच्या खुणेपर्यंत’ अॅसिटोनायट्राइल ओतत असाल तर थांबा. मिसळल्यावर आकारमान घटतं, म्हणून खूण गाठताना ४०० पेक्षा जास्त पडतं आणि पीक लवकर येतात. ६०० आणि ४०० वेगवेगळे मोजून मगच एकत्र करा. बफर (आम्लता, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) असेल तर पीएच अॅसिटोनायट्राइल घालण्याआधीच जुळवायचा. नंतर मीटर दाखवतो तो आकडा खरा पीएच नसतो.

प्रश्न: कॉलम ओव्हन ३० अंशांवर आहे, तरी मे महिन्यात रिटेन्शन टाइम हलतो. (घाटकोपर)

उत्तर: तुमचा ओव्हन फक्त तापवणारा असावा, तो गार करू शकत नाही. खोलीच ३२ अंशांवर गेली तर ३० चा काही अर्थ उरत नाही. एका अंशाला रिटेन्शन साधारण १ ते २ टक्के बदलतं. पद्धतीत परवानगी असेल तर ४० अंश ठेवा, नाहीतर एसी चालू ठेवा.

प्रश्न: शनिवारी फॉस्फेट बफर कॉलममध्ये असतानाच यंत्र बंद झालं. सोमवारी प्रेशर ३०० बारच्या वर होतं. शुद्ध अॅसिटोनायट्राइलने धुतलं, तर आणखी चढलं. (गोरेगाव)

उत्तर: चढणारच. फॉस्फेट पाण्यात विरघळतं, अॅसिटोनायट्राइलमध्ये नाही. होतं नव्हतं तेही मीठ त्याने खाली बसवलं.

आधी कॉलम सोडवून पंप चालवा. प्रेशर तसंच राहिलं तर अडथळा कॉलमच्या अलीकडे आहे. उतरलं तर गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी जोडलेली छोटी संरक्षक नळी) काढून कॉलम जोडा आणि डिटेक्टर सोडवून ठेवा. ९० भाग पाणी, १० भाग मेथनॉल, बफर अजिबात नाही. मिनिटाला ०.२ मिलिलिटरने सुरुवात करा, ओव्हन ४० अंशांवर. या मापाच्या कॉलममध्ये जेमतेम अडीच मिलिलिटर द्रव मावतो, तेव्हा ५० मिलिलिटर गेलं की बराच फरक दिसायला हवा. नुसतं पाणी वापरू नका, सी-१८ च्या साखळ्यांना ते भिजवत नाही. घाईने फ्लो वाढवलात तर कॉलम कायमचा जाईल.

पुढे दर संध्याकाळी याच ९०:१० ने अर्धा तास आणि मग ७० टक्के मेथनॉलने अर्धा तास धुवा. पंप हेडपाशी पांढरी पूड दिसली तर सीलमधून गळती सुरू झाली आहे. तिचे स्फटिक पिस्टनवर ओरखडे काढतात, तेव्हा सील लगेच बदला. आणि उरलेला बफर दुसऱ्या दिवशी ओतून द्या. आपल्या उकाड्यात त्याला बुरशी धरते, ती गाळणीतून सुटली की थेट कॉलमच्या तोंडाशी जाऊन बसते.