ताशी वेतन, ताशी मजुरी की ताशी कमाई?

अर्थविषयक बातम्यांचं भाषांतर करणाऱ्या मुंबईतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अमेरिकेत दर महिन्याला रोजगाराचे आकडे जाहीर होतात, त्यात कारखान्यांतल्या कामगारांना तासामागे सरासरी किती डॉलर मिळाले तेही असतं. त्याला मराठीत 'प्रति तास वेतन' म्हणावं, 'ताशी मजुरी' म्हणावं, की 'तासिका वेतन'?

'तासिका' आधी बाद करू. तो शाळा-कॉलेजातला शब्द आहे आणि 'तासिका तत्त्वावर' शिकवणाऱ्या प्राध्यापकांमुळे त्याचा अर्थ पक्का झाला आहे. 'प्रति तास' चूक नाही, पण 'ताशी' असताना त्याची गरज काय? एकर-एकरी, माणूस-माणशी, तास-ताशी अशी ही आपली घरची रचना आहे. ई लागताना स चा श होतो, एवढंच.

खरा प्रश्न पुढच्या शब्दाचा. 'मजुरी' म्हटलं की नाक्यावर उभा राहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. फिटर किंवा टर्नर आपल्या पैशाला मजुरी म्हणणार नाही, तो पगारच म्हणेल. आणि पगार महिन्याचा असतो. मुंबईत कामाचा हिशेब महिन्यावर, रोजावर, हजेरीवर किंवा नगावर होत आला. 'हजेरी किती देतो?' असं विचारतात, 'तासाला किती?' असं कारखान्यात सहसा कोणी विचारत नाही. तास हिशेबात येतो तो ओव्हरटाइमच्या वेळी. महिन्याच्या १८,७२० रुपयांना २६ दिवसांनी भागलं की रोज ७२०, आठाने भागलं की तासाचे ९०. आठवड्याच्या ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर हे १९४८च्या कारखाने कायद्याने ठरवलं, म्हणून ओव्हरटाइमचा तास १८० रुपयांचा.

या ९० रुपयांना 'ताशी दर' म्हणा. अमेरिकेचा आकडा मात्र दराचा नाही, हातात पडलेल्या पैशाचा आहे (कर कापण्याआधीच्या, अर्थात). तिथे ४० तासांपुढे दीडपट दर मिळतो. समजा, दर २० डॉलर आहे आणि कामगाराने ५० तास काम केलं. पहिल्या ४० तासांचे ८००, पुढच्या दहांचे ३००, एकूण ११००. पन्नासाने भागा : २२ डॉलर. मालकाने दर एका सेंटनेही वाढवलेला नाही, तरी आकडा वर गेला. इथे 'वेतनवाढ झाली' असं छापलं तर वाचकाला चुकीची माहिती मिळते. म्हणून माझी निवड 'ताशी कमाई'. 'मिळकत' चाललं असतं, पण त्या शब्दाला घर-जमिनीचा अर्थ फार घट्ट चिकटलाय. पुण्यात तर घरपट्टीलाच मिळकत कर म्हणतात.

'सरासरी' हा शब्द जागा वाचवायला गाळतात, तो कृपया गाळू नका. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या खासगी क्षेत्राची सरासरी ताशी कमाई एका महिन्यात चार टक्क्यांहून जास्त वाढली. कारण कोरोनाच्या टाळेबंदीत हॉटेलं-दुकानांतल्या कमी पैशांच्या नोकऱ्या आधी गेल्या आणि उरलेल्यांची सरासरी वर सरकली. कामावरून काढलेल्या माणसांमुळे वाढलेला आकडा 'कामगारांची कमाई वाढली' या मथळ्याखाली छापणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक. बातम्यांत अशा आकड्याला सर्रास 'आर्थिक निर्देशांक' म्हणतात. निर्देशांकाला पायाभूत वर्ष लागतं आणि त्या वर्षाची किंमत १०० धरतात; ज्यावर महागाई भत्ता ठरतो तो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक तसा आहे, सध्या २०१६ = १०० धरून. ताशी कमाई थेट डॉलरमध्ये मोजतात. ती अर्थव्यवस्थेची दिशा दाखवते, म्हणून ती 'निर्देशक'. तेव्हा बातमीत वाक्य असं लिहा : 'कारखान्यांतील कामगारांची सरासरी ताशी कमाई हा एक आर्थिक निर्देशक आहे.'