सांगली-मिरज लोकल: रूळ आहेत, मग अडतंय कुठं?

प्रश्न: आमच्याकडं डबल लाईन झाली, वर वायरी पण आल्या, मग किर्लोस्करवाडी-सांगली-मिरज-जयसिंगपूर लोकल का नको?

उत्तर: हवीच, आणि आपण ती मागितलीच पाहिजे! पण खरं घोडं अडतं मिरज जंक्शनला, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर सगळीकडच्या गाड्या तिथंच येतात, त्यात लोकलला प्लॅटफॉर्म मोकळा पाहिजे ना. त्यात मिरज-कोल्हापूर सिंगल लाईन, जयसिंगपूर त्याच लाईनवर, समोरून एक्स्प्रेस लेट आली की लोकल बसली क्रॉसिंगला, म्हणजे ती जाईपर्यंत थांबून, म्हणून जयसिंगपूर नंतर बघू. आधी किर्लोस्करवाडी-मिरज मेमू, म्हणजे विजेवर चालणारी जवळच्या अंतराची गाडी, मागा, तिला दोन्हीकडं ड्रायव्हरची केबिन असते, इंजिन फिरवायची भानगड नाही, त्याच प्लॅटफॉर्मवरनं लगेच परत. आणि सांगली-मिरजच्या मधल्या विश्रामबागला स्टॉप पाहिजेच, कॉलेजची पोरं तिथंच उतरणार.