गिअरबॉक्सचं भांडण करण्याआधी आरसी बुक उघडा

प्रश्न : माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं मूळ इंजिन काढून दुसऱ्या कंपनीचं, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं. जुना गिअरबॉक्स त्यापुढे टिकेना, म्हणून त्याच गॅरेजकडून हेवी-ड्यूटी सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घेतला. दोन महिन्यांत तिसरा गिअर आपोआप सुटू लागला, आता तर पडतच नाही. गॅरेजवाले म्हणतात, तुम्ही गाडी रगडली. उरलेलं बिल दिल्याशिवाय गाडीही सोडत नाहीत. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर : जाता येईल, पण आधी आरसी बुकावर कोणत्या इंजिनाचा नंबर आहे ते बघा. तुमच्या पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि समोरचा वकील सुरुवात तिथूनच करेल.

उत्पादकाने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. याच कायद्याच्या कलम १८२-अ (४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, त्यामुळे नुसता तो बदलणं इंजिन बदलण्याइतकं गंभीर नाही. मात्र मोठा गिअरबॉक्स बसावा म्हणून फ्लोअरचा टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कापला असेल, तर गाडीच्या रचनेलाच हात लागला. टनेल कापलाय का, हे मला कळवा.

गॅरेजवाले करार कायद्याचं कलम २३ पुढे करतील : कामच बेकायदा, मग तक्रार कसली? घाबरू नका. करार बेकायदा ठरला तर त्यांना बिल तरी कशाच्या जोरावर मागता येईल? याच करार कायद्याच्या कलम १७० खाली केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी गाडी अडवून ठेवता येते, पण तो हक्कही याच करारावर उभा आहे. हे त्यांच्या वकिलाला कळतं, म्हणून अशी प्रकरणं पुष्कळदा तडजोडीने मिटतात.

तक्रार लिहिताना 'गिअरबॉक्स सदोष होता' एवढ्यावर थांबू नका. वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही, असं ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ सांगतं. तुमचा भर सेवेतल्या त्रुटीवर हवा. परक्या इंजिनाला गिअरबॉक्स जोडताना मध्ये दोन्ही बसवून घेणारी अडॅप्टर प्लेट येते. बेलहाऊसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, एका रेषेत आहे का, हे डायल गेज या मोजमापाच्या उपकरणाने तपासावं लागतं. रेष चुकली की गिअरबॉक्समध्ये ताकद आणणाऱ्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर भार येतो आणि गिअर सुटू लागतात. ही तपासणी केली का, केली असेल तर नोंद कुठे आहे, हे नोटिशीत स्पष्ट विचारा. कोटेशनमध्ये गिअरबॉक्सची टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलण्याची क्षमता लिहिली असेल तर ती इंजिनाच्या टॉर्कशी ताडून पाहा. कमी क्षमतेचा माल 'हेवी-ड्यूटी' म्हणून गळ्यात मारला असेल, तर 'गाडी रगडली' हा बचाव लंगडा पडतो. कोणतं ऑइल भरलं तेही विचारा. जीएल-५ दर्जाची काही गिअर ऑइलं, गिअर सहज पडावा म्हणून आत असलेल्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत.

गिअरबॉक्स त्यांना एकट्याने उघडू देऊ नका. एकदा उघडला की पुरावा त्यांच्या हातात गेला. उघडायचाच असेल तर तिऱ्हाईत तज्ज्ञासमोर, व्हिडिओ काढून, आणि खाली आलेलं ऑइल सीलबंद करून. आयोगही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण नमुना शाबूत असेल तरच.

बिलाची वादातली रक्कम 'हक्क राखून' असं लेखी कळवून भरा आणि गाडी ट्रकवर चढवून आणा, चालवत आणू नका. इंजिन बदलल्याचं विमा कंपनीला कळवलेलं नसेल, तर अपघात झाल्यास खिशाला गिअरबॉक्सपेक्षा मोठा खड्डा पडेल. इंजिनाच्या नोंदीचा अर्ज आरटीओकडे करून बघता येईल, पण दुसऱ्या कंपनीचं इंजिन असल्याने मला फारशी आशा वाटत नाही. काढलेलं मूळ इंजिन गॅरेजमध्येच पडलंय का? असेल तर ते नोटिशीत नावानिशी परत मागा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, १५ दिवस द्या.