भूल न देता हिस्टेरोस्कोपी करताना व्हीआर गॉगलने दुखणं खरंच कमी होतं का?

तुमचा प्रश्न वाचला. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि आता अचानक दोन दिवस डाग दिसले, म्हणून तिथल्या (इंग्लंडमधल्या) हॉस्पिटलने भूल न देता ओपीडीतच हिस्टेरोस्कोपी (गर्भपिशवीत दुर्बीण घालून आतून तपासणी) ठरवली आहे. मैत्रिणीला तिच्या हॉस्पिटलात त्या वेळी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा गॉगल, ज्यात चहूबाजूंनी वेगळंच आभासी जग दिसतं) दिला होता आणि तिला 'काही कळलंच नाही'. तुमच्याकडे तो मिळणार नाहीये, तर मुलाचा गेमिंगचा हेडसेट नेला तर चालेल का, आणि त्याने खरंच फरक पडतो का, असं विचारलंय.

मी मिरजेला नर्सिंग केलं आणि गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्येच स्त्रीरोगाच्या ओपीडीत काम करते. डॉक्टर पायांकडे असतात, मी डोक्याकडे. तेव्हा हे उत्तर डोक्याकडून बघितलेलं आहे असं समजा.

फरक पडतो. काहींना बऱ्यापैकी, काहींना जरासा, काहींना अजिबात नाही. तुमच्या मैत्रिणीला काही कळलं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण अशा बायका मी हेडसेट नसतानाही पाहिल्यात. आणि गॉगल लावूनही 'थांबा, थांबा' म्हणणाऱ्याही.

आधी नेमकं कुठे दुखतं ते सांगते, कारण सगळं त्यावर आहे. दुर्बीण बारीक असते, साधारण ३ ते ५ मिलिमीटर, सरबताच्या स्ट्रॉएवढी. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) न घालता, पिशवीचं तोंड चिमट्याने न धरता सरळ दुर्बीणच हळूहळू आत नेतात. त्यामुळे सुरुवातीला फारसं काही होत नाही, गार पाणी जाणवतं, ओलं वाटतं, संकोच वाटतो. खरी कळ येते ती दुर्बीण पिशवीच्या तोंडाच्या आतल्या टोकातून पुढे सरकते तेव्हा. पाळी गेलेल्या बायकांचं आणि ज्यांची नॉर्मल बाळंतपणं झालेली नाहीत त्यांचं हे तोंड जास्त आवळलेलं असतं. पुढे सलाईनने पिशवी फुगवतात. एरवी तिच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, फुगवल्याशिवाय आतलं दिसत नाही. या फुगण्याने पाळीच्या पहिल्या दिवसासारखा गोळा येतो. आणि शेवटी तपासायला पिशवीच्या अस्तराचा तुकडा घ्यायचा असेल तर बारीक नळीने ओढून घेतात, तेव्हा अर्धा-एक मिनिट जोरात कळ येते.

आता गॉगलचं. ही कल्पना स्त्रीरोगवाल्यांची नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ती १९९०च्या दशकात सुरू केली. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलणं म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. त्यांनी 'स्नोवर्ल्ड' नावाचं एक जग बनवलं. सगळीकडे बर्फ, आणि रुग्ण त्यात पेंग्विनना, बर्फाच्या माणसांना गोळे मारतोय. लक्ष तिकडे गुंतलं की दुखण्याकडे द्यायला उरतंच किती? २००४ साली त्यांनी मेंदूचं स्कॅन करून दाखवलं की या वेळी दुखण्याशी संबंधित भागांतली हालचालही कमी होते. म्हणजे 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकण्यासारखं हे नाही.

हिस्टेरोस्कोपीवर इंग्लंडमध्येच ४० बायकांची चाचणी झाली, २०२१ साली 'बीजेओजी' या स्त्रीरोगाच्या वैद्यकीय मासिकात आली. निम्म्या बायकांना नेहमीप्रमाणे, निम्म्यांना गॉगल लावून. दहापैकी सरासरी दुखणं गॉगलशिवाय ६ होतं, गॉगल लावून ३.७. भीतीचा आकडाही साधारण तेवढाच खाली आला. आकडा ऐकून बरं वाटतं, पण बायका चाळीसच, आणि आपल्याला गॉगल लावलाय हे तर प्रत्येकीला ठाऊकच असतं, त्यामुळे 'बरं वाटणारच' हा भाग त्यातून वेगळा काढता येत नाही. नंतरच्या काही चाचण्यांत दुखण्यात फरक दिसला नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर गॉगल भीतीवर जास्त चालतो, कळेवर कमी. टेबलावर चढायच्या आधीच जिचे हात गार पडलेत, जिला ट्रेमधली हत्यारं बघायचीच नाहीयेत, तिला तो सोन्यासारखा. घाबरून आवळलेलं अंग सैल झालं की काम सोपं होतं आणि दुखतंही कमी.

एक काकू आठवतात. (तपशील थोडे बदललेत.) मूळच्या मालवणकडच्या, सत्तरीच्या आसपास. आधी तर पट्टाच बसेना, कारण मागे अंबाडा, आणि झोपल्यावर तो गॉगल पुढे ढकलतो. शेवटी अंबाडा सोडला. त्यांना समुद्राखालचा व्हिडिओ लावला. त्यातल्या बाईचं 'दीर्घ श्वास घ्या' वगैरे सगळं इंग्रजीत, काकूंना त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून आवाज बंद केला आणि मीच मराठीत बोलत राहिले. दोन मिनिटांत काकू रंगल्या. "अगो बाय, ही मोरी बघ केवढी!" मोरी म्हणजे शार्क मासा. मग मोरीचं मटण कसं करायचं ते सुरू झालं. डॉक्टर इंग्रज, त्यांना वाटलं बाईंना काही त्रास होतोय, मी खुणेने सांगितलं की स्वयंपाक चाललाय. "खोबरं चांगलं लाल भाजायचं, आणि मग..." इथे काकू थांबल्या. वाक्य अर्धंच. मी त्यांच्या पायांकडे बघितलं, अंगठे आत वळलेले.

मी म्हटलं, स्टॉप. डॉक्टर थांबले. काकूंनी स्वतःच गॉगल कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "मला बघू दे काय करतायत ते." समोर स्क्रीन होताच. त्यांनी आपल्याच पिशवीकडे बघितलं. "एवढीशीच? हिच्यात तिघं राहिली?" पुढचा तुकडा घेईपर्यंत त्यांनी माझा हात धरला आणि नजर स्क्रीनवरून हलवली नाही. नंतर विचारलं, दहापैकी किती? "मासे होते तोवर दोन. मग सहा."

हे मुद्दाम लांबण लावून सांगितलं, कारण गॉगलची एक अडचण यातून कळते आणि ती कुठल्या माहितीपत्रकात नसते. आम्ही दुखणं चेहऱ्यावर वाचतो. कपाळाला आठी पडली, डोळे घट्ट मिटले, की बाई काही बोलायच्या आधी आम्हाला कळतं. गॉगलने निम्मा चेहराच झाकला जातो. म्हणून मी पायाचे अंगठे आणि मुठी बघायला शिकले. पण प्रत्येक खोलीत कोणी अंगठे बघत असेलच असं नाही. तेव्हा आत जाताच ठरवून घ्या: मी हात वर केला की थांबायचं. आपल्याकडच्या बायकांना परक्या डॉक्टरला मध्येच थांबवणं उद्धटपणा वाटतो, दात-ओठ खाऊन सोसतात. हात वर करणं त्यातल्या त्यात सोपं जातं. आणखी एक, पिशवीच्या तोंडाला धक्का लागला की काहींना भोवळ येते, नाडी मंदावते, मळमळतं. गॉगलनेही काहींना गाडी लागल्यासारखं मळमळतं. दोन्ही एकदम झालं तर कशामुळे ते ओळखायला वेळ लागतो. घाम फुटला की गॉगल आधी काढायचा, मग बाकीचं.

इंग्लंडमध्ये या तपासणीच्या दुखण्यावरून बरंच रामायण झालंय. 'पाळीसारखं थोडं दुखेल' असं सांगून बोलावलं आणि प्रत्यक्षात किंचाळायची वेळ आली, अशा बायकांनी मोहीम चालवली, खासदार लिन ब्राउन यांनी हा विषय पार्लमेंटात पुन्हा पुन्हा मांडला. २०२३ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने डॉक्टरांसाठी खास मार्गदर्शन काढलं, की दुखण्याबद्दल आधी खरं सांगा आणि भूल देऊन करण्याचा पर्यायही समोर ठेवा. म्हणून कोणी 'दुखण्यासाठी आमच्याकडे व्हीआर आहे ना' एवढंच म्हणून विषय संपवला तर मला ते पटत नाही. गॉगल गोळीच्या जोडीला असतो, गोळीच्या जागी नाही.

तुम्ही काय करा: तासभर आधी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, जे तुम्हाला चालतं ते घ्या (दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको). भूल नसेल तर उपाशी जाऊ नका, हे फार महत्त्वाचं. आपल्या बायका 'ऑपरेशन' म्हटलं की पाणीही पीत नाहीत, एक तर संकष्टी धरून आल्या होत्या, आणि त्याच टेबलावरून उठताना कोसळल्या. पिशवीच्या तोंडात भुलीचं इंजेक्शन मिळेल का आणि गॅस-अँड-एअर (दुखणं कमी करणारा, श्वासातून घ्यायचा वायू) आहे का हे फोन करून आधीच विचारा, ऐन वेळी विचारलं तर 'आज नाही' असं उत्तर येतं. एकदा सहन झालं नाही तर तिथेच थांबून नंतर कधीतरी पूर्ण भूल देऊन करता येतं. त्याला काही आठवडे लागतील, पण तो तुमचा हक्क आहे. तपासणी मात्र टाळू नका. पाळी गेल्यावर दिसलेला डाग बहुतेक जणींत साधा निघतो, पण तो साधा आहे हे बघूनच कळतं.

आता मुलाचा हेडसेट. क्लिनिकला विचारून न्या, बहुतेक ठिकाणी हरकत घेणार नाहीत. अपस्मार असेल तर मात्र नको, अर्धशिशीचा त्रास असेल तर आधी घरी लावून बघा. गेम नको, रोलर कोस्टर तर नकोच, कारण कंबर हलली की दुर्बीण हलते. झोपून बघता येईल असा संथ व्हिडिओ घ्या, समुद्र, जंगल, काहीही, आणि घरी पलंगावर आडवं पडून एकदा तालीम करा. बऱ्याच हेडसेटमध्ये झोपल्यावर चित्र छताऐवजी समोरच्या भिंतीवर राहतं आणि मान वाकडी करून बघावं लागतं, ते सेटिंगमध्ये बदलता येतं. मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत करेल. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, हॉस्पिटलच्या वायफायवर विसंबू नका. एका कानात आवाज, दुसरा कान नर्ससाठी मोकळा. आणि रात्री चार्जिंगला लावायला विसरू नका, आमचा स्वतःचा हेडसेट दोनदा ऐन वेळी बंद पडलेला निघालाय.