आपल्याच गावात आपला लघुपट

या वेळच्या टपालात एकाच विषयाची चार पत्रे आली आहेत. पारितोषिक मिळवून घरी परतलेला लघुपट ज्या गावात चित्रित झाला, त्याच गावात दाखवताना काय करावे, असे प्रत्येकाने आपापल्या बाजूने विचारले आहे. म्हणून या अंकातील सदर त्याच प्रश्नाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या १८ मिनिटांच्या लघुपटाला एका महोत्सवात पारितोषिक मिळाले. चित्रण पूर्णपणे आमच्या गावात झाले असून बहुतेक भूमिका गावकऱ्यांनीच केल्या आहेत. गावातील संयोजन समितीने दोन तासांचा सोहळा ठरवला आहे : दीपप्रज्वलन, सत्कार, मान्यवरांची मनोगते आणि शेवटी लघुपट. एवढ्या छोट्या चित्रपटासाठी लोकांना बोलवायचे तर सोबत आणखी काही हवेच, असे समितीचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?

समितीची अडचण खरी आहे, पण तिचा उपाय मला मान्य नाही. दीड तासाच्या भाषणांनंतर थकलेल्या डोळ्यांसमोर लघुपट लावला तर तो समारंभाचा शेवटचा कार्यक्रम ठरतो, आणि ज्यासाठी सगळे जमले त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी लक्ष येते. माझी सूचना अशी आहे की दोन मिनिटांच्या स्वागतानंतर लगेच दिवे मालवावेत, लघुपट दाखवावा, त्यावर बोलणे व्हावे आणि मग तोच लघुपट पुन्हा एकदा दाखवावा. सत्कार करायचेच असतील तर ते या दुसऱ्या खेळानंतर करावेत.

दोनदा दाखवण्यामागे ठोस कारण आहे. गावातला प्रेक्षक पहिल्या वेळी चित्रपट पाहत नसतो, तो ओळखी शोधत असतो. कोणाचे अंगण आहे, कोणाची म्हैस आहे, मागच्या बाकावरचा मुलगा कोणाचा आहे, एका घरातून बाहेर पडलेले पात्र पुढच्याच क्षणी गावाच्या दुसऱ्या टोकाला कसे पोहोचले, हे सगळे मोठ्याने बोलले जाते, आणि ते बोलले जावे. या हशात आणि कुजबुजीत तुमचे निम्मे संवाद बुडतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण ही ओळख पटण्याची भूक भागल्याशिवाय कथेकडे लक्ष जाणे कठीण असते. दुसऱ्या वेळी सभागृह शांत होते, आणि महोत्सवाच्या परीक्षकांनी जे पाहिले त्यापलीकडचे पाहू शकणारा प्रेक्षक तुमच्यासमोर बसलेला असतो.

पडद्यावर स्वतःला पाहण्याचा हा आनंद चित्रपटाइतकाच जुना आहे. जून १८९५ मध्ये चित्रपटाचे आद्य प्रणेते असलेल्या फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंनी छायाचित्रकारांच्या परिषदेला आलेले प्रतिनिधी बोटीतून उतरताना टिपले आणि ते चित्रण त्याच परिषदेत त्याच प्रतिनिधींना दाखवले. पॅरिसमधला त्यांचा प्रसिद्ध जाहीर खेळ त्यानंतर डिसेंबरमध्ये झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील मिचेल आणि केन्यन यांच्या संस्थेने गिरण्यांतून सुटणारे कामगार, मिरवणुका आणि सामने यांचे चित्रण केले. आपण दिसतो का हे पाहायला तीच माणसे खेळाला गर्दी करत. त्यांची सुमारे ८०० निगेटिव्ह १९९४ मध्ये एका दुकानाच्या तळघरातल्या पिंपांत सापडली. त्या काळातील सामान्य माणसांचे चेहरे आज आपल्याला दिसतात, ते त्यांना त्यांचेच चित्र दाखवण्याच्या या व्यवसायामुळे.

दोन खेळांच्या मधल्या चर्चेत ‘कसा वाटला?’ असे मात्र विचारू नका. त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर मिळत नाही. एखाद्या प्रसंगाविषयी नेमका प्रश्न विचारा. पडद्यावरचे गाव आणि खरे गाव यांत कुठे फरक जाणवला, असे विचारले तर वयस्कर माणसेही बोलू लागतात. कोणी चूक काढली तर लगेच समर्थनाला उभे राहू नका, ती लिहून घ्या.

प्रश्न : आमचा लघुपट अजून काही महोत्सवांच्या निवडप्रक्रियेत आहे. गावात जाहीर खेळ केला तर तेथील पात्रता जाईल का? एका सहकाऱ्याच्या मते वर्षभर थांबावे.

वर्षभर थांबण्याची गरज बहुधा नाही, पण प्रत्येक महोत्सवाची नियमावली वाचूनच निर्णय घ्या. जागतिक प्रीमियर म्हणजे जगातला पहिला जाहीर खेळ, आणि तो तुमच्या पहिल्या महोत्सवातच झाला आहे. राहतो तो देशातल्या किंवा प्रदेशातल्या पहिल्या खेळाचा मान. काही महोत्सव तो मागतात, आणि लघुपटांच्या बाबतीत अनेक महोत्सव त्याचा आग्रह धरत नाहीत. शंका असेल तर आयोजकांना पत्र पाठवून लेखी उत्तर मागा. कलाकार, तंत्रज्ञ आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी निमंत्रितांपुरता ठेवलेला खेळ सहसा जाहीर मानला जात नाही, त्यामुळे अगदीच अडचण असेल तर तोही मार्ग आहे.

खरा धोका सभागृहात नसून इंटरनेटवर आहे. अकादमी पुरस्कारांच्या, म्हणजे ऑस्करच्या, लघुपट विभागात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचे चित्रपट चालतात, पण पात्रता मिळवून देणारे पारितोषिक किंवा चित्रपटगृहातील ठरावीक प्रदर्शन होण्याआधी लघुपट दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर आला तर तो अपात्र ठरतो. गावच्या खेळात कोणी कौतुकाने अख्खा लघुपट मोबाइलवर टिपून सर्वांना पाठवला, तर वर्षभर सांभाळलेली वाट एका संध्याकाळी बंद होऊ शकते. म्हणून सुरुवातीलाच, कोणाला न दुखावता, चित्रीकरण का नको याचे कारण सांगा. नुसती मनाई केली तर लोकांना ती खटकते, कारण सांगितले तर ते स्वतःच शेजाऱ्याला थांबवतात. खेळ संपल्यावर सर्वांनी पडद्यासमोर एकत्र छायाचित्र काढावे, म्हणजे आठवण घरी नेण्याची इच्छाही पुरी होते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लघुपटात दुसऱ्या कोणाचे गाणे किंवा संगीत वापरले असेल तर त्याचा परवाना पुन्हा काढून वाचा. कमी शुल्कात मिळणारे परवाने अनेकदा फक्त महोत्सवांतील प्रदर्शनापुरते असतात, आणि गावातला जाहीर खेळ, विशेषतः तिकीट लावलेला, त्यात बसत नाही. जाहीर प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागत असल्यास त्याची चौकशीही त्याच वेळी करावी.

प्रश्न : महोत्सवात आमचा चित्रपट अप्रतिम दिसला आणि ऐकू आला. गावात मात्र साधे सभागृह, भाड्याचा प्रोजेक्टर आणि भाषणांसाठी लावलेले दोन स्पीकर आहेत. काय काळजी घ्यावी? – ध्वनिमुद्रक

ध्वनिमुद्रकाने हा प्रश्न विचारला याचा मला विशेष आनंद झाला, कारण अशा खेळांत चित्रापेक्षा आवाज जास्त वेळा दगा देतो. महोत्सवासाठी तुम्ही डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, दिली असेल आणि तिच्यात ५.१ ध्वनी, म्हणजे आवाजाचे सहा स्वतंत्र मार्ग (चॅनल) असतील. संवाद त्यांतल्या मधल्या मार्गावर असतात. तीच ध्वनिपट्टी नीट न मिसळता दोन स्पीकरांवर सोडली आणि मधला मार्ग गळला, तर पाऊस, पक्षी, पार्श्वसंगीत सगळे ऐकू येते आणि माणसे नुसते ओठ हलवतात. माझ्या एका लघुपटाच्या वेळी नेमके हेच झाले. पहिली चार मिनिटे प्रेक्षकांनी तो मूकपट समजून भक्तिभावाने पाहिला आणि मी मागे उभा राहून घामाघूम झालो. तेव्हापासून साध्या सभागृहासाठी दोन मार्गांचे स्टिरिओ मिश्रण वेगळे करून घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. त्या मिश्रणात संवाद जरा वर ठेवा आणि हळू-मोठ्या आवाजांतील अंतर थोडे कमी करा, कारण पंखे आणि लहान मुले यांच्या आवाजात तुमची कुजबूज टिकणार नाही.

आवाजाची चाचणी रिकाम्या सभागृहात होते, पण खेळ भरलेल्या सभागृहात होतो. माणसांची शरीरे आणि कपडे आवाज शोषून घेतात, विशेषतः वरच्या पट्टीचा. त्यामुळे रिकाम्या खोलीत किंचित मोठा वाटणारा आवाज गर्दीत योग्य वाटतो. नुसत्या भिंती असलेल्या सभागृहात घुमारा जास्त असतो. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या किंवा पडदे टांगले तरी शब्द बरेच स्वच्छ होतात. स्पीकरांची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर असू द्या, नाहीतर पहिल्या दोन रांगाच सारा आवाज पिऊन टाकतात.

चित्राविषयी थोडक्यात सांगतो. डीसीपी चित्रपटगृहाच्या सर्व्हरसाठी बनवलेली असते आणि तिचे रंगही त्या प्रोजेक्टरसाठी वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात. साध्या लॅपटॉपवर ती नीट चालेल या भरवशावर राहू नका. मूळ संकलनातून वेगळी फाइल काढा, ती दोन पेनड्राइव्हांवर ठेवा आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, आदल्या दिवशी पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या नावापर्यंत चालवून पाहा. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, म्हणजे ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर चालवला की एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते, आणि संथ सरकणाऱ्या दृश्यांत हिसके जाणवतात; प्रोजेक्टरला २४ हर्ट्‌झ जमत असेल तर तसे करून घ्या. चित्र ताणून पडदाभर करण्याची हौस कोणाला असेल तर त्याला थांबवा, वरखालच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. खिडक्या झाकता येत नसतील तर अंधार पडेपर्यंत खेळच सुरू करू नका. सबटायटल्स असतील तर पुढे बसलेल्यांच्या डोक्यांआड ती जाणार नाहीत इतका पडदा उंच हवा. हे शेवटच्या रांगेत स्वतः बसल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : पारितोषिक मिळालेल्या एका लघुपटात माझ्या आईने काम केले आहे. त्यात ती स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगते. दूरच्या शहरांत तो दाखवला तेव्हा तिला काही वाटले नाही. आता गावात सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर दाखवणार म्हटल्यावर ती रात्र रात्र झोपत नाही. दिग्दर्शक म्हणतात की तिने संमतीपत्रावर सही केली आहे. तो गावात दाखवू नये असा आम्ही हट्ट धरणे चुकीचे आहे का?

नाही, चुकीचे नाही. संमतीपत्राने दिग्दर्शकाला कायद्याचा आधार मिळतो, पण तुमच्या आईंनी सही केली तेव्हा त्यांच्या मनात कोणते प्रेक्षक होते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. अनोळखी शहरातल्या प्रेक्षकांसाठी त्या पडद्यावरची एक बाई होत्या, आणि ते अनोळखीपणच त्यांचे संरक्षण होते. गावात त्या कोणाच्या तरी जाऊबाई आहेत, कोणाच्या शेजारीण आहेत, आणि त्यांनी सांगितलेल्या प्रसंगातली उरलेली माणसेही कदाचित समोरच्याच खुर्च्यांवर बसलेली असतील.

त्या दिग्दर्शकांनी हे वाचावे, म्हणून उत्तराचा पुढचा भाग त्यांना उद्देशून लिहितो. जाहीर खेळाच्या किमान आठवडाभर आधी त्या माउलींच्या घरी जा आणि संपूर्ण लघुपट फक्त त्यांना आणि त्या म्हणतील त्या माणसाला दाखवा. मोबाइलवर दाखवू नका, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर दाखवा, कारण भीती त्या आकाराचीच असते. पाहून झाल्यावर गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. पुष्कळदा असे होते की आपला चेहरा सन्मानाने टिपला आहे हे पाहिल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि पहिल्या रांगेत बसायला स्वतःहून येतो. तसे झाले नाही, तर तो प्रसंग वगळून गावापुरती वेगळी प्रत करा. पारितोषिक मिळालेल्या संकलनाला हात लावणे तुम्हाला जड जाईल हे मी जाणतो, पण मूळ प्रत कोठेही जात नाही. आणि तो प्रसंग काढल्यावर चित्रपट उभाच राहत नसेल, तर त्या हो म्हणेपर्यंत गावातला खेळ पुढे ढकला.

ताई, तुमच्या आईंना एवढेच सांगा की त्यांनी नकार दिला तर तो चित्रपटाचा अपमान ठरत नाही. त्यांनी होकार दिलाच, तर त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारची खुर्ची कोणासाठी राखायची हे त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यांना मध्येच उठून जावेसे वाटले तर सहज जाता येईल अशी, दाराजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवायला आयोजकांना सांगा.